नाचणं, शिकवणं, रचना करणं: तिन्ही एकाच शरीराला कसं झेपतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४. समकालीन नृत्याचं पूर्णवेळ प्रशिक्षण नुकतंच संपलंय. एका नृत्यसमूहाकडून नव्या निर्मितीत नाचण्यासाठी बोलावणं आलंय; काम काही महिन्यांचं, पुढची खात्री नाही. त्याच वेळी एक संस्था रोज संध्याकाळचे वर्ग द्यायला तयार आहे, पगार नियमित. मनात स्वतःच्या नृत्यरचना (कोरिओग्राफी) करण्याचंही आहे. तिन्ही एकत्र जमतं का, आधी कशाला हात घालावा, आणि अंग किती वर्षं साथ देईल?

जमतं. बहुतेक समकालीन नर्तक तिन्ही करतातच, कारण नुसत्या प्रयोगांवर वर्ष निघणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. पण ‘अंगात जोर आहे तोवर नाचायचं, गुडघे कुरकुरू लागले की शिकवायचं आणि नाव झालं की रचना करायची’ अशी एक शिडी अनेकांच्या डोक्यात असते, ती आधी काढून टाका. ही तीन स्वतंत्र कामं आहेत. शरीर तिन्हींना तेच लागतं, लक्ष मात्र वेगवेगळं. नाचताना ते स्वतःच्या आत आणि शेजारच्या नर्तकावर असतं, शिकवताना समोरच्याच्या अंगावर, आणि रचताना अजून अस्तित्वातच नसलेल्या एका गोष्टीवर. एका कामाची सवय दुसऱ्या कामाच्या खोलीत नेली की घोळ होतो.

शिकवण्यापासून सुरुवात करते, कारण ‘वर्ग घेणं म्हणजे त्यातल्या त्यात आरामाचं काम’ हा समज सगळ्यात महाग पडतो.

वर्ग चालू असताना एकदा मागे उभं राहून शिकवणाऱ्याकडे बघा. हालचाल दाखवताना तो उजवीकडून सुरू करतो. मुलं उजवीकडून करतात, तो बघतो. मुलं डावीकडून करू लागतात, तेव्हा तो त्यांच्यात फिरत चुका दुरुस्त करत असतो. म्हणजे मुलांच्या दोन्ही बाजू होतात, त्याची एकच. पाय उचलायचा उजवा, भार डाव्यावर, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. शिवाय तो मध्येच दहा मिनिटं बोलत उभा राहतो, अंग थंड होतं, आणि मग कुणाला तरी उडी कळली नाही म्हणून तशाच थंड अंगानं पूर्ण उडी मारून दाखवतो. चाळिशीतल्या नृत्यशिक्षकांच्या डाव्या खुब्याच्या तक्रारी ऐकल्या की हे चित्र डोळ्यांसमोर येतं.

उपाय साधे आहेत, चिकाटी लागते. एक दिवस उजवीकडून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी डावीकडून. उडी कधीच पूर्ण दाखवायची नाही. तिचा ठेका आवाजातून द्यायचा आणि ज्याला चांगली जमते त्याला पुढे बोलवायचं. आणि वर्ग घेतला म्हणजे आपला रियाज झाला असं कधीही धरायचं नाही. तुमचा वर्ग तो वेगळा, दुसऱ्याच्या हाताखाली, जिथे तुम्ही शेवटच्या रांगेत उभे राहून चुकू शकता.

आता काय शिकवायचं. समकालीन नृत्यात नवख्या मुलाला सर्वांत आधी जमिनीवर जाणं शिकवावं लागतं, आणि हाताला दुखापतही तिथेच होते. घाबरलेलं शरीर पडताना हात ताठ करतं आणि सगळा भार मनगटावर येतो. ‘हळू पड’ म्हणून काही होत नाही. हळू पडायला तर आणखी ताकद लागते. त्याऐवजी क्रम सांगावा लागतो: घोटा आणि गुडघा दुमडू दे, बसायची हाडं मागे जाऊ दे, मांडीच्या बाहेरच्या मांसल भागावर ये, तळवा जमिनीवर आपटू नको, तो लांब सरकू दे, आणि श्वास सोड. मनगट, कोपर, गुडघ्याची वाटी, पाठीचे मणके यांवर थेट उतरायचं नाही, जिथे मांस आहे तिथे उतरायचं. हे एकदा अंगात बसलं की तेच मूल आठवड्याभरात पडायला मागू लागतं. अमेरिकन आधुनिक नृत्याच्या एक प्रणेत्या डोरिस हम्फ्री यांचं सगळं तंत्र तोल जाणं आणि तो सावरणं या दोन टोकांमध्ये उभं आहे. मुलाला ही कल्पना व्याख्यानातून कळत नाही. पडण्याची भीती गेली की आपोआप कळते.

सूचना देताना ‘पोट आत, खांदे खाली, मान लांब’ असा भडिमार टाळा. लक्ष स्वतःच्या एकेका स्नायूवर नेण्यापेक्षा बाहेरच्या कशावर तरी नेलं तर हालचाल अनेकदा जास्त सहज होते, असं हालचाली शिकण्यावरच्या अभ्यासांतून दिसलंय. ‘खांदे खाली’ म्हणण्याऐवजी ‘बोटांच्या टोकांनी दोन्ही भिंती ढकल’ म्हणून बघा, फरक तिथल्या तिथे दिसतो. आरशाचंही तसंच. इस्रायली रचनाकार ओहाद नाहरिन यांच्या ‘गागा’ या हालचाल-पद्धतीच्या वर्गांत आरसे वापरतच नाहीत. मी इतकी कडक नाही, पण फ्लोअरवर्क (जमिनीवरच्या हालचाली) आणि इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं) चालू असताना पडदा ओढून घ्यावा असं माझं मत आहे. आरशात बघत कुणी मोकळं पडू शकत नाही.

हात लावून दुरुस्ती करायची असेल तर दर वेळी विचारायचं. ‘पहिल्या दिवशी विचारलं होतं’ हे पुरेसं नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आणखी एक: उंची झपाट्यानं वाढत असते त्या काळात तोल, समन्वय आणि लवचिकता काही महिने बिघडते. त्या मुलाला आळशी समजून उड्या आणि स्ट्रेचिंग वाढवणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. आणि ज्यांचे गुडघे मागे वाकतात, कोपर उलटी वळते, अशा अतिलवचिक मुलांचं कौतुक आवरा. त्यांना सांध्याच्या टोकाच्या जरा अलीकडे थांबायला शिकवणं हेच त्यांचं प्रशिक्षण असतं.

शिकवण्यातून रचनेला काय मिळतं याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण भारतीय समकालीन नर्तक-रचनाकार अस्ताद देबू यांचं. कथक आणि कथकळीची बैठक, अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांच्या तंत्राची ओळख, आणि त्यातून स्वतःची भाषा. त्यांनी कर्णबधिर कलाकारांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. संगीतावर मोजून नाचणं जिथे शक्य नाही, तिथे नजर, श्वास आणि आपसांतलं अंतर यांतूनच वेळ साधावी लागते. असं काम करणाऱ्या रचनाकाराची वेळेची समजच बदलते.

आता रंगमंचाकडे येते. बाहेरून दिसतो तो प्रयोग, पण नर्तकाचं आयुष्य तालमीत जातं, आणि तालमीतलं सर्वांत कमी शिकवलं जाणारं कौशल्य म्हणजे मार्किंग. पूर्ण ताकदीनं न नाचता जागा, वेळ, दिशा आणि जोडीदाराशी असलेला संबंध पक्का करणं. नवे नर्तक दोन चुका करतात. काही जण प्रत्येक वेळी फुल आउट, म्हणजे पूर्ण ताकदीनं, नाचतात आणि प्रयोगाच्या आठवड्यात रिकामे होतात. काही जण मार्किंग म्हणजे हात हलवत फिरणं समजतात आणि लाइटच्या तालमीत चुकीच्या जागी उभे राहतात. चांगलं मार्किंग करणारा नर्तक पाय जमिनीवरून उचलत नाही, पण त्याची नजर, श्वास आणि भार बदलण्याचे क्षण प्रयोगातल्यासारखेच असतात. जोडीनं उचलण्याच्या जागी मात्र अर्धवट काही करायचं नाही. एक तर पूर्ण करायचं, नाहीतर तोंडानं बोलून सोडून द्यायचं.

वर्गातला दमसास रंगमंचावर पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. वर्गात थांबे असतात, सूचना असतात, पाळी येण्याची वाट असते. प्रयोगात सलग वीस मिनिटं हृदय घशात असतं. म्हणून धावणं, पोहणं, सायकल, वजनं यांतलं काहीतरी आठवड्याच्या रुटीनमध्ये वेगळं हवं. ‘वजनं उचलली तर अंग जड दिसेल’ ही जुनी भीती आहे, ती सोडा; जोडीदाराला उचलायचं असेल तर आधी लोखंड उचलता यायला हवं. उडीच्या आधी एकच स्ट्रेच मिनिटभराहून जास्त धरून बसू नका, स्नायूंची झटक्यात लागणारी ताकद तात्पुरती कमी होते. लांब स्ट्रेच नंतरसाठी ठेवा.

जमीन तपासा. सिमेंटवर थेट अंथरलेलं विनाइल दिसायला स्टुडिओसारखंच दिसतं, पण खाली लवणारी लाकडी चौकट नसेल तर प्रत्येक उडीचा हिशेब नडगीकडून वसूल होतो. टाच आपटून बघा: ठणका पायात परत आला तर त्या जागेवर उड्यांची तालीम मर्यादित ठेवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. नर्तकांच्या दुखापती बहुतांशी पाऊल, घोटा, गुडघा आणि कंबर इथे होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या अपघातातून येत नाहीत, अतिवापरातून साचत जातात. अख्ख्या पोटरीत पसरलेलं दुखणं बहुधा थकव्याचं असतं. हाडावर एक बोट ठेवून ‘इथेच’ असं दाखवता येतंय, उडी मारली की वाढतंय, रात्रीही जाणवतंय, तर ते ताणानं पडलेल्या सूक्ष्म भेगेचं लक्षण असू शकतं. तिथे नाच थांबवून डॉक्टरांकडे जायचं, मालिश करत बसायचं नाही. खाण्यावर हात आखडून नाचणाऱ्यांना हे लवकर होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांमध्येही होते हे स्पष्ट केलं. मुलींची पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘तालमीमुळे असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नये. समूहातल्या मोठ्या मुलीही असं म्हणतील. त्यांचं ऐकू नका.

आणि कलेचं काय? ती या सगळ्यातच असते. मार्था ग्रॅहम यांचं कॉन्ट्रॅक्शन, म्हणजे धड आत आकसून घेण्याची हालचाल, घ्या. नवखा नर्तक खांदे पुढे घेऊन पाठ गोल करतो, आकार जवळपास तोच दिसतो आणि प्रेक्षकाला काहीच वाटत नाही. ते ओटीपोटातून, श्वास सोडताना सुरू होतं, कणा लांब होत मागे जातो, आणि खांदे फक्त त्याचा परिणाम भोगतात. दहाव्या प्रयोगात आकार सवयीनं येतो, तेव्हा उगम शोधत राहणं हे नर्तकाचं काम. अमेरिकन रचनाकार मर्स कनिंगहॅम यांचे नर्तक तर शांततेत, स्टॉपवॉचवर तालीम करत आणि संगीत अनेकदा पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच ऐकत. त्यांना संगीताचा आधार घेऊन भाव ‘लावता’ येत नसे. वेळ अंगात असावी लागे. आठवड्यातून एकदा तुमची फ्रेज (हालचालींचा सलग तुकडा) संगीताशिवाय करून बघा. जिथे रेंगाळता किंवा पळता, ती जागा अजून पक्की नाही.

रचनेबद्दल सगळेच विचारतात, ‘कधी सुरू करू?’ उद्या. फक्त छोटी. दोन मिनिटं, एक नियम. अमेरिकन रचनाकार ट्रिशा ब्राउन यांची १९७१ ची ‘अ‍ॅक्युम्युलेशन’ कशी बांधली आहे बघा: पहिली हालचाल, पुन्हा पहिली आणि दुसरी, पुन्हा पहिली-दुसरी-तिसरी. नियम पोरखेळासारखा, पण हालचाल भरपूर वेळा आली की प्रेक्षक ती वेगळ्या डोळ्यांनी बघू लागतो. कनिंगहॅम नाणं उडवून क्रम ठरवत. जर्मन रचनाकार पिना बाउश १९७३ पासून वुपर्टाल शहरातल्या नृत्यसमूहाच्या प्रमुख होत्या. त्या नर्तकांना प्रश्न विचारत, उत्तरं हालचालीत, आवाजात, आठवणीत येत, आणि त्यातलं फार थोडं शेवटी रंगमंचावर उरे. तीन रचनाकार, तीन रीती, पण सवय एक: पहिली सुचलेली सुंदर हालचाल पकडून न बसता काहीतरी यंत्रणा उभी करायची आणि तिच्यातून काय निघतं ते बघायचं.

स्वतःच्या पहिल्या समूहरचनेत स्वतः नाचू नका. आतून सगळं छानच वाटतं. बाहेर बसा, आणि व्हिडिओ घेतलात तर कॅमेरा एका जागी, संपूर्ण मंच दिसेल असा ठेवा. जवळून फिरवून घेतलेल्या चित्रणात प्रत्येक रचना चांगली दिसते, कारण काय बघायचं हे कॅमेऱ्यानंच ठरवलेलं असतं. आवडतं गाणं लावून त्यावर हालचाली बसवल्या असतील तर ते बंद करून एकदा बघा. बहुतेक पहिल्या रचना तिथेच कोसळतात. त्यात लाज नाही, पण हे प्रयोगाच्या महिनाभर आधी कळलेलं बरं.

मघाशी म्हटलेला घोळ सर्वांत वाईट होतो तो इथे. वर्गातल्या मुलांवर स्वतःची रचना बसवायची, आणि त्याला शिक्षण म्हणायचं. मुलांनी फी शिकण्यासाठी भरलेली असते. तीन महिने एकच मुलगी मध्यभागी आणि बाकीची मागे रांगेत हलतात, तेव्हा मागच्यांचं शिक्षण थांबलेलं असतं. विद्यार्थ्यांबरोबर रचना जरूर करा, पण तसं आधी सांगून, वर्गाच्या वेळेबाहेर, आणि प्रत्येकाला काहीतरी नवं करायला लावून. उलटही होतं: तालमीत शिक्षक होऊन बसलेला रचनाकार व्यावसायिक नर्तकाची प्रत्येक हालचाल ‘सुधारतो’ आणि त्या नर्तकाकडून येऊ शकलं असतं ते कधी बघतच नाही.

नर्तकांकडून हालचाली घेतल्या तर श्रेय द्या, आणि तुम्ही दिल्यात तर मागा. श्रेयपत्रिकेवर ‘नर्तकांच्या सहभागातून’ एवढे दोन शब्द पुढच्या अर्जात कामी येतात. हालचालीची मालकी हा जुना भांडणाचा विषय आहे. १८९२ मध्ये अमेरिकन नर्तकी लोई फुलर यांनी आपल्या रेशमी घोळाच्या नृत्याची नक्कल थांबवावी म्हणून न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. त्या नृत्यात कथानक नाही, म्हणून संरक्षण नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आज कायदा पुढे गेलाय, तरी नोंद नसेल तर सिद्ध काय करणार? २०११ मध्ये पॉप गायिका बियॉन्से यांच्या एका व्हिडिओत बेल्जियन रचनाकार अ‍ॅन तेरेसा द कीर्समाकर यांच्या रचनांशी उघड साम्य निघालं, केवढा गाजावाजा झाला. द कीर्समाकर यांनी २०१३ मध्ये त्यातल्याच ‘रोसास डांस्ट रोसास’मधला खुर्च्यांवरचा भाग पायरीपायरीनं शिकवणारे व्हिडिओ स्वतः खुले केले आणि लोकांना आपापली आवृत्ती करायला बोलावलं. मला हा प्रतिसाद फार आवडतो, पण तो परवडायला मूळ काम तारखेनिशी नोंदलेलं असावं लागतं. प्रत्येक रचनेचं संपूर्ण चित्रण, तारीख आणि नर्तकांची नावं जपून ठेवा.

वयाची धास्ती तुमच्या प्रश्नात डोकावतेय. समूहांमध्ये पूर्णवेळ नाचणं अनेकांचं तिशीच्या उत्तरार्धात थांबतं, हे खरं. पण ग्रॅहम सत्तरी ओलांडूनही मंचावर होत्या, रचनाकार यिरी किलियान यांनी १९९१ मध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांसाठीच नेदरलँड्स डान्स थिएटरचा तिसरा समूह काढला, आणि बाउश यांनी १९७८ ची ‘कोन्टाक्टहोफ’ २००० मध्ये पासष्टीपुढच्या सामान्य लोकांना घेऊन पुन्हा उभी केली. वाढत्या वयात उड्या कमी होतात, वजन कसं आणि कधी सोडायचं ही समज वाढते. तोपर्यंत खुबे आणि कंबर शाबूत राहणं महत्त्वाचं, आणि ते वर लिहिलेल्या कंटाळवाण्या गोष्टींवर अवलंबून असतं.

राहिला तुमचा निर्णय. निर्मिती घ्या. २४ व्या वर्षी दुसऱ्याच्या तालमीत बसून रचना कशी घडते, बिघडते आणि लाइट लागल्यावर पुन्हा कशी बदलते हे बघायला मिळणं, ही रचनाकाराची खरी शाळा आहे. वर्गांची ती नोकरी पुढेही कुठे ना कुठे मिळेल. मात्र समूहाला होकार देण्याआधी विचारा: तालमींचे पैसे मिळणार की फक्त प्रयोगांचे? प्रयोग रद्द झाला तर काय? तालमीत दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार आणि मानधन चालू राहणार का? चित्रण कुठे वापरणार, किती काळ? हे लेखी मागितल्यावर समोरचा नाराज झाला तर तेही एक उत्तरच आहे.

आणि संस्थेला सरळ नकार देऊ नका. रोज संध्याकाळऐवजी आठवड्यातून दोन दिवस, तालमीला सुट्टी असेल तेव्हा, आणि प्रयोगाच्या आठवड्यात बदली शिक्षक चालेल का, ते विचारा. चांगल्या संस्थांना मंचावर काम करणारा शिक्षक हवा असतो, त्या बऱ्याचदा वेळ जुळवून घेतात. फोन आधी संस्थेला करा. दोन वर्ग पदरात आहेत हे माहीत असलं, की समूहाशी मानधनाचं बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो.